वाल्मीचं वाक्य कोणी ऐकलं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण फ्रेंच राज्यक्रांती आणि तिच्याकडे दुरून बघणारे जर्मन विचारवंत यांच्याबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळे आपापल्या खोलीत बसून लिहीत होते, पण यांच्यातला एखादा तरी प्रत्यक्ष लढाईत होता का? होता. गटे होता. आज आपण त्याच्या एका पुस्तकाबद्दल, खरं म्हणजे त्या पुस्तकातल्या एका वाक्याबद्दल बोलणार आहोत.

आधी एक कबुली. हे वाक्य आम्ही जवळजवळ तीस वर्षं वर्गात शिकवलं. इतिहासाचं तत्त्वज्ञान शिकवायला सुरुवात करायची तर वाल्मीपासून करायची, हा आमचा शिरस्ता. २० सप्टेंबर १७९२ ची संध्याकाळ, पावसाने भिजलेलं माळरान, दिवसभर तोफा चालून थांबलेल्या, आणि प्रशियाच्या छावणीत मान खाली घालून बसलेले अधिकारी. कोणीतरी गटेला विचारतं, की तुम्हाला काय वाटतं? आणि तो सांगतो, की जगाच्या इतिहासाला या जागी वळण लागलेलं आहे, आणि ते लागताना आपण हजर होतो असं जमलेल्यांना पुढे म्हणता येईल. वर्ग शांत व्हायचा. आम्हालाही अंगावर काटा यायचा, खोटं कशाला सांगा.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, ‘सर, हे वाक्य कोणी ऐकलं?’ आम्ही म्हणालो, ‘गटेनेच लिहून ठेवलंय.’ तो म्हणाला, ‘कधी लिहिलं?’ आम्हाला उत्तर माहीत होतं. तरी आम्ही म्हणालो, ‘पुढे, आठवणींमध्ये,’ आणि तासाची घंटा झाली म्हणून वही मिटली. घंटा झाली होती हे खरं. पण ती झाली नसती तरी आम्ही वही मिटलीच असती, हेही खरं.

आजचं व्याख्यान हे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आता लढाई काय होती ते पाहू. एप्रिल १७९२ मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. प्रशिया ऑस्ट्रियाच्या बाजूने उतरला. जुलैच्या अखेरीस त्या फौजांचा सेनापती, ब्रन्सविकचा ड्यूक, याच्या नावाने एक जाहीरनामा निघाला, की राजघराण्याला धक्का लागला तर पॅरिस शहराला अद्दल घडवू. धमकीने माणसं घाबरतात असा समज. इथे उलटं झालं. १० ऑगस्टला पॅरिसच्या लोकांनी राजवाड्यावर हल्ला केला आणि राजा कैदेत गेला. फौज पुढे येत राहिली. २३ ऑगस्टला लाँग्वीचा किल्ला पडला, २ सप्टेंबरला व्हर्दूनचा. व्हर्दून पडतंय या बातमीच्या भीतीत पॅरिसच्या तुरुंगांमध्ये कैद्यांची जी कत्तल झाली ती याच दिवसांतली. क्रांतीचं गुणगान करताना ते पान चिकटवून ठेवायचं नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

व्हर्दूनच्या पुढे आर्गोनचं जंगल लागतं. डोंगराळ, दाट, आणि मोजक्याच खिंडी. फ्रेंच सेनापती द्युमुरिये याने त्या अडवल्या. पण त्यातली एक सुटली आणि त्याला मागे, सँत-मनू या गावापाशी यावं लागलं. तिथे १९ सप्टेंबरला केलरमान आपली फौज घेऊन त्याला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. ते उतरलं तेव्हा प्रशियन फौजेला दिसलं, की समोर वाल्मीच्या टेकडीवर, एका पवनचक्कीभोवती, फ्रेंच उभे आहेत.

आता गंमत अशी, की नकाशा काढलात तर दोन्ही फौजा उलट्या उभ्या आहेत. प्रशियनांची पाठ पॅरिसकडे, आणि फ्रेंचांची पाठ जर्मनीकडे! हल्लेखोर राजधानीच्या जास्त जवळ. मग सरळ पॅरिसला का गेले नाहीत? कारण त्यांची रसद व्हर्दूनकडून यायची, आणि त्या वाटेवर आता फ्रेंच फौज बसलेली. मागे अशी फौज ठेवून पुढे जायचं, तेही पावसात, चिखलात, अर्धी पलटण हगवणीने आडवी झालेली असताना. हे ब्रन्सविकसारख्या मुरलेल्या सेनापतीला पटणारं नव्हतं.

मग दिवसभर झालं काय? तोफा. दोन्ही बाजूंनी मिळून वीस हजारांच्या आसपास गोळे सुटले असं मानतात. जर्मन लोक या प्रकाराला लढाई म्हणण्याऐवजी वाल्मीचा तोफमारा असं म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. दुपारी प्रशियन पायदळ रांगा धरून पुढे निघालं. फ्रेंच पळतील अशी अपेक्षा. टेकडीवर केलरमानने टोपी तलवारीच्या टोकावर धरून उंच केली, राष्ट्राचा जयजयकार केला, आणि तो जयकार रांगांमधून पुढे गेला. राजाचा जयजयकार झाला नाही, राष्ट्राचा झाला, हे लक्षात घ्या. पायदळ थबकलं. ब्रन्सविकने ते थांबवलं. नंतर एका गोळ्याने फ्रेंचांच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडाल्या, थोडा वेळ गोंधळ झाला. तरी टेकडी हलली नाही. ब्रन्सविकने ठरवलं, की इथे लढायचं नाही. मेले आणि जखमी झाले ते धरून फ्रेंचांकडचे सुमारे ३००, प्रशियनांकडचे १८४. त्या काळच्या लढायांच्या मानाने ही चकमक म्हणावी इतकी लहान संख्या.

पण दहा दिवसांनी प्रशियाची फौज माघारी फिरली. आणि लढाईच्या दुसऱ्याच दिवशी, २१ सप्टेंबरला, पॅरिसमधल्या नव्या सभेने राजेशाही रद्द केली होती. हे दोन शेजारचे दिवस कायमचे एकत्र बांधले गेले. १८५१ साली क्रीझी या इंग्रज प्राध्यापकाने जगातल्या पंधरा निर्णायक लढायांचं पुस्तक काढलं, त्यात चौदावी वाल्मी आणि पंधरावी वॉटर्लू. चकमकीची निर्णायक लढाई झाली. यात गटेच्या वाक्याचा वाटा मोठा आहे.

तर ते वाक्य. पुस्तकाचं जर्मन नाव ‘काम्पान्य इन फ्रांकराइष’, आपण ‘फ्रान्समधली मोहीम’ म्हणू. प्रसिद्ध झालं १८२२ मध्ये. म्हणजे लढाईनंतर तब्बल तीस वर्षांनी. मागच्या बाकावरच्या मुलाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

आपल्याकडे हा प्रश्न नवीन नाही. राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत बखरींना त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, की बाबा रे, तू हे कधी लिहिलंस, आणि त्या दिवसाचं पत्र काय म्हणतं? पानिपताच्या बखरी वाचून डोळे पुसणाऱ्या मराठी वाचकाला तो प्रश्न रुचला नव्हता. आम्ही राजवाडे वाचले होते, आमच्या पिढीने वाचलेच होते. पण तो प्रश्न घरच्या बखरीला विचारायचा असतो आणि गटेला नाही, असं काहीतरी आमच्या मनात बसलेलं असावं. मोठ्या युरोपीय नावापुढे आपली चिकित्सा चपला बाहेर काढून येते, बरं का.

तर त्या दिवसांचं पत्र काय म्हणतं? पत्र आहे. लढाईनंतर सात दिवसांनी, २७ सप्टेंबरला, गटेने छावणीतून क्नेबेल या मित्राला लिहिलं. त्यात तो म्हणतो, की हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं याचा आनंद आहे, आणि या महत्त्वाच्या काळाबद्दल बोलणं निघालं की आपणही त्यात अगदी किंचित का होईना होतो असं म्हणता येईल. ते किंचितपण तो लॅटिनमध्ये सांगतो, व्हर्जिलच्या एका प्रसिद्ध ओळीला मुरड घालून. मूळ ओळीत ट्रॉयचा वीर म्हणतो की या सगळ्यात माझा मोठा वाटा होता. गटे ‘मोठा’ काढून ‘सर्वांत लहान’ घालतो. मित्राला उद्देशून केलेला, शिकलेल्या माणसाचा विनोद.

आता पत्र आणि पुस्तक शेजारी ठेवा. बीज दोन्हीकडे तेच आहे. काळ महत्त्वाचा आहे हे त्याला सात दिवसांच्या आत कळलं होतं, आणि ‘आपण तिथे होतो’ हेही पत्रात आहे. त्यामुळे गटेने वाक्य हवेतून काढलं असं म्हणणं अन्याय होईल. पण पत्रात नसलेल्या तीन गोष्टी पुस्तकात आल्या आहेत. एक, नेमकी जागा आणि नेमका दिवस. पत्रात ‘काळ’ महत्त्वाचा आहे, पुस्तकात ‘आज, इथे’. दुसरी, भोवती बसलेले श्रोते. आणि तिसरी, वाक्याचा सूर. किंचितपण गेलं, भविष्यवाणी आली.

हा फरक आला कुठून? मासेनबाख नावाचा एक प्रशियन अधिकारी त्या मोहिमेत होता. त्याने १८०९ साली आपल्या आठवणी छापल्या. त्यात २० सप्टेंबरच्या दिवसाने जगाचा आकार बदलला, शतकातला हा सर्वांत महत्त्वाचा दिवस, अशा अर्थाचं विधान आहे. गटेच्या स्वतःच्या त्या मोहिमेतल्या नोंदी तुटपुंज्या होत्या. पुस्तक लिहायला बसला तेव्हा त्याने वायमारच्या ड्यूकच्या एका सेवकाची रोजनिशी वापरली, मासेनबाखच्या आठवणीही वापरल्या. अभ्यासकांनी हे केव्हाच दाखवून दिलं आहे. आणि इतकं करून गटे थांबत नाही. पुढे माइन्झच्या वेढ्याचा वृत्तांत लिहिताना तो मित्रांना वाल्मीच्या त्या भाकिताची आठवण करून द्यायला लावतो, की बघा, फ्रेंचांनी वर्षं मोजायलासुद्धा त्याच दिवसांपासून सुरुवात केली! भाकीत सांगणारा तोच, साक्षीदार बोलावणारा तोच, आणि खरं ठरल्याचा शिक्का मारणाराही तोच.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, झालं, गटे खोटारडा ठरला. आम्ही तसं म्हणत नाही. त्या रात्री तो काही बोललाच नसेल असं कोणालाही सिद्ध करता येणार नाही. मधल्या तीस वर्षांत काय काय झालं ते बघा. १४ ऑक्टोबर १८०६ ला येनाच्या लढाईत प्रशियाचा चुराडा झाला. त्याच दिवशी आउअरश्टेटला ब्रन्सविक जबर जखमी झाला आणि पुढच्या महिन्यात वारला. वाल्मीला न लढणारा हाच तो म्हातारा. त्या रात्री फ्रेंच शिपाई वायमारमध्ये घुसले, गटेच्या घरातही शिरले. पाच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, इतकी वर्षं लग्नाशिवाय सोबत राहिलेल्या क्रिस्टियानेशी त्याने लग्न केलं आणि अंगठ्यांवर तारीख घातली १४ ऑक्टोबर. ज्या माणसाच्या घराचा दरवाजा इतिहासाने लाथ मारून उघडला, त्याला १७९२ ची ती ओली संध्याकाळ आठवताना तिथेच सगळं सुरू झालं असं दिसणारच. स्मरण असंच काम करतं. आपण म्हणतो ना, ‘तेव्हाच माझ्या मनात आलं होतं’. बऱ्याचदा ते तेव्हा मनात आलेलं नसतं.

आमची तक्रार गटेबद्दल कमी आणि वाक्याच्या वाचकांबद्दल, म्हणजे आमच्यासारख्यांबद्दल जास्त आहे. त्या एका वाक्याने अख्खं पुस्तक खाऊन टाकलं. आणि पुस्तक त्या वाक्यापेक्षा फार चांगलं आहे.

त्यातली दोन स्थळं सांगतो. दुपारी तोफा चालू असताना गटे घोड्यावर बसून एकटाच पुढे निघतो, ला ल्यून नावाच्या जागेकडे, जिथे गोळे पडतायत. कारण काय, तर ‘तोफेचा ताप’ म्हणतात तो नेमका कसा असतो हे त्याला अनुभवायचं आहे. वय त्रेचाळीस, वायमारच्या ड्यूकचा मंत्री, युरोपभर नाव झालेला लेखक! वाटेत ओळखीचे अधिकारी त्याला परतायला सांगतात. हा ऐकत नाही. मग तो गोळ्याच्या आवाजाचं वर्णन करतो: भोवऱ्याची घूं घूं, पाण्याची उकळी आणि पाखराची शीळ यांची मिसळ. जमीन ओली म्हणून गोळे टप्पा न घेता चिखलात रुततात, याची तो नोंद करतो. मग स्वतःचं शरीर तपासतो. फार तापलेल्या जागेत आल्यासारखं वाटतं. आतली आणि बाहेरची उष्णता एकच झाल्यासारखी. नजर साफ आहे, पण जगावर लालसर तपकिरी रंग चढलाय. रक्त उसळत नाही. आणि हे सगळं मुख्यतः कानांतून शिरतंय. परत फिरल्यावर ताप जातो, आणि हा अनुभव घेण्यासारखा नाही असं तो लिहून टाकतो.

याच मोहिमेत व्हर्दूनजवळ शिपाई एका डबक्यात मासे धरत असताना हा पाण्यात पडलेल्या खापरीभोवती दिसणारे रंग बघत बसला होता. रंगांच्या सिद्धांताने तेव्हा त्याला झपाटलेलं होतं. तेव्हा हा माणूस तोफमाऱ्यातही स्वतःवर प्रयोग करतो, यात नवल नाही. कोणी याला निर्दयपणा म्हणेल. बाजूला माणसं मरतायत आणि हा रंग बघतोय. आम्हाला तो आरोप पूर्ण फेटाळता येत नाही. पण भीतीबद्दल इतकं नेमकं, इतकं बढाईशिवाय लिहिलेलं त्या काळातलं दुसरं गद्य आमच्या वाचनात नाही. शौर्य नाही, देशभक्ती नाही. कान, डोळे, कातडी. ते तीस वर्षांनी लिहिलेलं असलं तरी कृत्रिम वाटत नाही. वीररसात ते बसत नाही, आणि तसं काही नंतर बसून रचण्याचं गटेला कारणही नव्हतं.

दुसरं स्थळ त्या प्रसिद्ध वाक्याच्या लगेच नंतरचं आहे. आम्ही वर्गात नेहमी वाक्यापाशी थांबायचो, म्हणून मुलांना ते कधी कळलंच नाही. सकाळी हेच लोक फ्रेंचांना सळईवर भाजून खाण्याच्या गोष्टी करत होते. रात्री कोणी कोणाकडे बघत नाही, विस्तवसुद्धा पेटवता येत नाही. वारा सुटलाय, पाऊस आहे, निवारा नाही. मग जमिनीत खड्डे खणतात आणि पांघरूण, कोट जे असेल ते घेऊन त्यात झोपतात. वायमारचा ड्यूकसुद्धा! गटे त्याला वेळेआधीचं दफन असं काहीतरी म्हणतो, थट्टेने. नव्या युगाची घोषणा ऐकलेली मंडळी त्याच रात्री स्वतःच्या कबरीत उतरली. हे दोन परिच्छेद त्याने एकापुढे एक ठेवले आहेत. आम्हाला वाटतं ते मुद्दाम असावं. वाक्याला त्याने स्वतःच खड्डा खणून ठेवलाय, पण आपण त्यात डोकावत नाही.

आणि पुढची माघार. शॅम्पेनच्या त्या भागातली माती खडूची, पाऊस पडला की पांढरा चिखल. गाड्या रुततायत, रस्त्याच्या कडेला मेलेली घोडी, गाड्यांमध्ये कोंबलेले आजारी शिपाई, न पिकलेली द्राक्षं खाऊन आणखी बिघडलेली पोटं. लढाईने १८४ जणांना टिपलं. हगवणीने कितीतरी अधिक माणसं नेली. ‘आपण तिथे होतो’ असं सांगायला ती माणसं उरली नाहीत. निर्णायक लढायांच्या पुस्तकात हगवणीला प्रकरण मिळत नाही.

टेकडीवरच्या माणसांचंही असंच झालं. वाल्मी म्हणजे अनवाणी, कवायत न केलेल्या नागरिकांनी गाणी म्हणत राजांच्या फौजा परतवल्या, ही दंतकथा आपणही ऐकलेली असते. नीट बघा. तोफा चालवत होते ते जुन्या राजेशाही फौजेतले गोलंदाज. ग्रिबोव्हाल नावाच्या अधिकाऱ्याने क्रांतीच्या कितीतरी आधी त्या तोफखान्याची नवी घडी बसवली होती: हलक्या गाड्या, एकमेकांशी जुळणारे भाग. घोडदळ-पायदळातले उमराव अधिकारी देश सोडून पळाले, पण तोफखान्यातले बरेचसे राहिले, कारण तिथे घराण्यापेक्षा गणित लागायचं. पायदळातही जुन्या पलटणी होत्या, आणि स्वयंसेवक होते ते प्रामुख्याने १७९१ मध्ये भरती होऊन वर्षभर तयार झालेले. कवायती तोफखान्याची किंमत त्याच सप्टेंबरात पुण्यात मुक्कामाला असलेल्या महादजी शिंद्यांना वेगळी सांगावी लागली नसती. त्यांचे कंपू उभे करणारा द बोआन्य हा साव्हॉयचा, आणि वाल्मीच्या एक-दोन दिवसांतच त्याचा साव्हॉय दुसऱ्या एका फ्रेंच फौजेने घेतला. पण हे जाता जाता. मुद्दा असा, की नव्या युगाचा तो दिवस जुन्या युगात शिकलेल्या हातांनी घडवला. आणि बर्लिन-व्हिएन्नाचं अर्धं लक्ष तेव्हा पोलंडकडे होतं, जिथे रशियन फौजा शिरल्या होत्या. जानेवारी १७९३ मध्ये प्रशियाने पोलंडचा आपला वाटा घेतलाच. ‘इथून, आज’ म्हटलं की हे सगळं नजरेबाहेर जातं.

तरीही. आमचा विषय तत्त्वज्ञान, आणि इथे एक गाठ आहे, ती सोडवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घटनेचा अर्थ जर फक्त तिथे राबणाऱ्या आणि मरणाऱ्यांपाशी असेल, तर बघणाऱ्याला बोलायचा काही अधिकारच नाही का? मग आपण इथे जमून काय करतोय?

याचं उत्तर त्याच प्रशियाच्या राजाची प्रजा असलेल्या एका म्हाताऱ्याने दिलं होतं. कांट. तो पूर्व प्रशिया सोडून कधी कुठे गेला नाही; वाल्मीपासून किती तरी लांब. १७९८ साली ‘विद्याशाखांचा वाद’ हे पुस्तक त्याने काढलं. त्यात प्रश्न असा, की माणूसजात नैतिकदृष्ट्या पुढे जाते आहे याची काही खूण दाखवता येईल का? कांट म्हणतो, फ्रेंच क्रांती यशस्वी होईल की फसेल, तिच्यात इतकी दुःखं आणि इतके अत्याचार साचतील की शहाणा माणूस ती किंमत देऊन पुन्हा तसा प्रयोग करणार नाही, हे सगळं बाजूला ठेवू. खूण क्रांती करणाऱ्यांच्या पराक्रमात शोधायचीच नाही. ती बघणाऱ्यांच्या मनात आहे. ज्यांना यातून काही मिळणार नाही, उलट आपली सहानुभूती उघड बोलून दाखवणं ज्यांना धोक्याचं आहे, अशांना जे भरून येतं, ते स्वार्थाने येत नाही. त्याच्या मुळाशी माणसातली नैतिक घडण असली पाहिजे.

बघणाऱ्याला इतकी मोठी जागा कांटच्या आधी क्वचितच कोणी दिली असेल. पण अट बघा. बघणाऱ्याचा स्वार्थ नसावा, आणि बोलण्यात त्याला जोखीम असावी. आता ही अट गटेच्या वाक्याला लावा. गटेला क्रांतीबद्दल सहानुभूती नव्हती. लढाईच्या दुसऱ्याच वर्षी त्याने क्रांतीच्या नावाने गावात भोंदूगिरी करणाऱ्याची टर उडवणारं ‘नागरिक-सेनापती’ हे नाटक लिहिलं. ते चालेल, प्रत्येकाने क्रांतिवादी असलं पाहिजे असं काही नाही. पण त्याच्या वाक्यात घटनेबद्दल काय आहे? ती मोठी आहे, एवढंच. चांगली की वाईट, कोणासाठी, कशामुळे, काही नाही. आणि १८२२ मध्ये, नेपोलियन सेंट हेलेनावर मरून गेल्यानंतर, त्या बोलण्यात जोखीम उरली होती ती कसली? त्याच्या वाक्यात बघणाऱ्याला मिळतं ते हजेरीचं पुण्य. कांटच्या बघणाऱ्याला काही मिळत नाही, तो काहीतरी पणाला लावतो.

आम्हाला हा फरक उशिरा कळला. आम्ही दोघांना एकाच तासात, एकाच दमात शिकवायचो, जणू दोघे एकच म्हणतायत.

हजेरीच्या पुण्याचं आणखी एक उदाहरण लंडनच्या नॅशनल गॅलरीत टांगलेलं आहे. ओरास व्हर्ने या चित्रकाराने १८२६ मध्ये वाल्मीचं मोठं चित्र काढलं. काढवून घेतलं ते ओर्लिआँच्या ड्यूकने. हा लढाईच्या दिवशी अठरा वर्षांचा अधिकारी म्हणून तिथे हजर होता; चार वर्षांनी, १८३० मध्ये, तो फ्रान्सचा राजा झाला, लुई-फिलिप. राजेशाही रद्द होण्याच्या आदल्या दिवसाच्या विजयाचं चित्र भावी राजा काढवून घेतो, कारण ‘मी तिथे होतो’ हे त्याच्या कामाचं आहे! केलरमानचंही तसंच. राष्ट्राचा जयजयकार करणारा हा सेनापती १८०८ मध्ये नेपोलियनच्या कृपेने वाल्मीचा ड्यूक झाला. त्याचं हृदय वाल्मीलाच पुरलं आहे. आणि द्युमुरिये? तो लढाईनंतर सातच महिन्यांत, एप्रिल १७९३ मध्ये, ऑस्ट्रियनांना जाऊन मिळाला. त्याचा पुतळा-बितळा कोणी उभारायच्या भानगडीत फारसं पडलं नाही.

ती पवनचक्की फ्रेंचांनी स्वतःच लढाईच्या वेळी नष्ट केली, कारण प्रशियन गोलंदाजांना ती नेम धरायला सोयीची पडत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे दुसरी उभी केली. ती डिसेंबर १९९९ च्या वादळात पडली. २००५ मध्ये तिसरी आली. पर्यटक तिचे फोटो काढतात. तीही त्या दिवशी तिथे नव्हती.

मग आता हे वाक्य शिकवायचं की नाही? शिकवायचं. पण आम्ही पुन्हा वर्गात उभे राहिलो असतो तर आधी क्नेबेलचं पत्र दिलं असतं, मग मासेनबाख, मग पुस्तकातलं ते पान, आणि पान उलटून खड्ड्यापर्यंत वाचायला लावलं असतं. आणि मुलांना विचारलं असतं, की यातलं कोणतं वाक्य तुम्ही त्या रात्री, पावसात, पोट बिघडलेलं असताना बोलला असता? मागच्या बाकावरच्या त्या मुलाने बहुधा सांगितलं असतं, की सर, मी पांघरूण मागितलं असतं. गटेनेही ते मागितलं होतं, पुस्तकात आहे.

वेळ संपत आली. पुढच्या खेपेला कांटचा तो ‘खुणे’चा उतारा आपण ओळीने वाचणार आहोत, जमलं तर विद्याशाखांच्या वादाचा दुसरा भाग डोळ्यांखालून घालून या. तोवर प्रश्न असतील तर विचारा. आणि हो, आज घंटा नाही.